मामाने आणायची मासळी

माझ्या नातीचा, तुरांगचा, बाळंतपणानंतर लोकांसमोर येण्याचा सोहळा ठरला, तेव्हा प्रवाळाच्या रांगेतून बाहेरच्या समुद्रात जाणाऱ्या खिंडीवर मासेमारीची बंदी होती. आणि ती बंदी मी घातलेली होती.

आमच्या केलबाउ गावात सरदाराची पदवी पुरुषाच्या डोक्यावर असते. ती कोणाच्या डोक्यावर ठेवावी आणि केव्हा उचलून घ्यावी, हे मात्र आम्ही बायका ठरवतो. आमच्या घराण्यात तो अधिकार माझ्याकडे आहे, माझ्या आधी तो माझ्या आईकडे होता, आणि माझ्यानंतर तो माझ्या लेकीकडे, तुरांगच्या आईकडे, दिल्मेईकडे, जाईल. सध्या पदवी आहे ती माझ्या धाकट्या भावाकडे, स्केबोंगकडे. सरदार म्हणून तो बरा आहे. पाग, म्हणजे फेकायचे जाळे, टाकण्यात त्याचा हात धरणारा या किनाऱ्यावर दुसरा नाही, ही गोष्ट तो स्वतःच सर्वांना सांगत असल्यामुळे मला सांगावी लागत नाही.

बंदीचे कारण असे. आमच्या खाण्यात जो मासा सर्वांत मानाचा, तो मेआस, अमावास्येच्या आगेमागे अंडी घालण्यासाठी थव्याथव्याने खिंडीकडे निघतो. पुरुष नेमके त्याच वेळी खिंडीच्या तोंडाशी जाळी लावून बसत आणि गाभोळीने पोट तटतटलेली मासळी होडीत भरून आणत. आधी होड्या भरत, मग टोपल्या भरू लागल्या, मग टोपलीचा तळ दिसू लागला. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीची मान मुरगाळू नये, हे कळण्यासाठी आम्हां बायकांना कोणत्याही सभेची आवश्यकता वाटली नाही. खिंडीच्या तोंडाशी वासा रोवून त्यावर नारळीची झावळी बांधण्यात आली. तेवढे पुरते. झावळी कोणी बांधली आहे, हे गावाला ठाऊक असते.

झावळी बांधल्याला फार काळ झाला नव्हता, तोच मेसुबेदची आई वारली. मेसुबेद हा आमच्या गावचा सुतार. आईच्या मातीला दूरदूरचे पाहुणे येणार म्हणून त्याने खिंड एका दिवसापुरती मागितली. मी नाही म्हटले. पाहुण्यांना त्याने डब्यातली मासळी वाढली आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी मान वळवून बोलतो. त्याचा राग रास्त आहे. माझा नकारही रास्त होता.

आता सोहळ्याची गोष्ट. कोणत्याही कार्यात पाने दोन बाजूंनी भरतात. जमिनीतले जे ते बायकांचे: अळकुड्या, रताळी, कसावा. समुद्रातले जे ते पुरुषांचे. आणि मुलीच्या पहिल्या बाळंतपणात ते मामाने आणायचे. दिल्मेईचा भाऊ दूर ग्वाम बेटावर नोकरी करतो, त्यामुळे मामाचा मान स्केबोंगकडे आला होता. मामा रिकाम्या हाताने आला, तर मुलगी सासरच्या माणसांत जन्मभर खाली मान घालून वावरते. तुरांगच्या सासूची थोरली बहीण कियोको ही काही अशी तशी बाई नव्हे.

एके सकाळी स्केबोंग माझ्या पायरीवर येऊन बसला. सुपारी फोडली, पानावर चुना लावला आणि चघळत राहिला. तो काहीतरी मागायला आला आहे, हे मी तेव्हाच ओळखले.

"बोल," मी म्हटले.

"ताई, कियोको येणार. तिच्या घरात पळीलासुद्धा पदवी असते. तिच्यापुढे मी काय ठेवू? बर्फातली कोंबडी?"

"खिंड सोडून बाकीचा समुद्र आटला का?"

"बाहेर वारा बघ ना केवढा सुटलाय. आणि आतल्या समुद्रगवतात नुसती बोटाएवढी पिल्लं. ती धरू?"

"ती धरलीस तर हात तोडीन."

"म्हणूनच म्हणतो, एक दिवस. एकच! बांधलीस तू, सोडणारी तू. तुला कोण विचारतंय?"

"मेसुबेद विचारील."

"त्याचं काय घेऊन बसलीस—"

"त्याच्या आईबरोबर मी लहानपणी खेकडे धरलेत, स्केबोंग. तिच्या मातीला मी खिंड दिली नाही. आता पणतवंडाच्या कौतुकाला देऊ? मग उद्यापासून त्या वाशाला लोक होड्या बांधतील."

तो पिंक टाकायला उठला आणि उभाच राहिला. तेवढ्यात आतून दिल्मेईचा आवाज आला. "मामा, माझे मेआस न्या की."

माझी लेक शहरात मत्स्यखात्यात कामाला होती. ती नोकरी सोडून ती गावी आली, ती खात्याच्या टाक्यांत वाढवलेली मेआसची पिल्ले घेऊनच. कांदळवनासमोरच्या शांत पाण्यात तिने जाळीचे पिंजरे तरंगते ठेवले. पहिली खेप सगळी मेली. डोंगरातून नवा रस्ता कापला होता, त्याचा गाळ पावसाबरोबर खाली आला आणि एका दुपारीत मासे पांढरे पडून वर आले. तेव्हा ती माझ्याकडे आली, आणि हे तिने शहाणपणाचे केले. वरच्या अंगाची अळूची खाचरे ओस पडली होती. नव्या मुलींना दुकानातला तांदूळ सोयीचा वाटतो. डोंगरातले पाणी खाचरांतून फिरून आले, तर गाळ अळूच्या मुळाशी बसतो आणि समुद्राला निवळ पाणी मिळते. मी गावच्या बायकांना बोलावणे धाडले. गुडघाभर चिखलात उभे राहून आम्ही बांध घातले, आणि मी स्वतः काठावर खुर्ची टाकून बसले, कारण कोण काम टाळते हे काठावरूनच दिसते. दुसरी खेप जगली. पिंजऱ्यांत दिल्मेई दाटी होऊ देत नाही, आणि खालचे समुद्रगवत गुदमरू नये म्हणून पिंजरे सरकवत राहते. त्या माशांना शेवाळ आणि कसावाची पाने घालते. मासळी शहरातल्या उपाहारगृहांत जाते. गावातल्या कार्यात मात्र तिला अजून कोणी पानावर घेतलेले नव्हते.

"तुझे?" स्केबोंग हसला. "वाढलेलं खाऊन झोपतात ते. त्यांना मासे म्हणायचं? कल्ल्यांच्या कोंबड्या त्या!"

"खाऊन बघा, मग नावं ठेवा."

"खाईन गं, घरी खाईन. सोहळ्यात कसं मांडू?" मग त्याचे हसू गेले आणि तो माझ्याकडे वळला. "ताई, थट्टा नाही करत. पोरीने हाताने भरवून वाढवलंय ते. म्हणजे बाईच्या हातचं. अळकुडीसारखंच झालं की! ते मी माझं म्हणून मांडलं, तर लोक काय म्हणतील? अळकुड्याही बायकांनी आणल्या, मासळीही बायकांनी आणली, आणि मामा हात हलवत जेवायला आला."

रीतीभातीच्या बाबतीत मला कोणी काही सांगावे, अशी सवय मला नाही. त्याचे म्हणणे मात्र खोटे नव्हते. पेरलेले आणि वाढवलेले ते बायकांचे, धरलेले ते पुरुषांचे, हे मी माझ्या आईच्या तोंडून ऐकले होते आणि तिने तिच्या आईच्या. समुद्रात पेरलेल्या मासळीविषयी त्या दोघींनी काहीच सांगून ठेवलेले नव्हते.

"मी सांगते तेव्हा ये," असे म्हणून मी त्याला वाटेला लावले. माझ्या स्वरावरून त्याला वाटले असेल की मी काही ठरवले आहे. तसे वाटणे आवश्यक होते.

गावात बातमीला पाय लागतात. दुकानात चुना घ्यायला गेले, तर मेसुबेद तेथे बाकावर बसलेला. माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत तो म्हणाला, "मावशी, होडी घासून ठेवू का? नातीच्या कार्याला खिंड उघडणारच असेल."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? रक्त ते रक्त."

दुकानदारीण डबे पुसू लागली. त्यावर जे पुसण्यासारखे होते ते आधीच पुसून झालेले होते. मी चुना घेतला आणि निघाले. झावळी वासा धरून राहते ती दोरीने नव्हे. आणि दोरी नसलेली जी गाठ असते, ती एकदा सैल झाली की पुन्हा कोणाला बांधता येत नाही. घरी आले, तो तुरांग औषधी पाल्याच्या वाफेतून नुकतीच बाहेर आली होती. अंगाला हळद आणि खोबरेल, चेहरा तापलेला.

"आजी, मामा काय आणणार?" तिने विचारले. "कियोकोबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या म्हणे, केलबाउचे लोक बंदी पाळतात की पाहुण्यांचा मान, ते बघायला येते."

"असं म्हणाली?"

"तू काही लावून घेऊ नकोस. कोंबडी चालेल मला."

"तुला चालेल," मी म्हटले. "मला चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागल्या अंगणात बसले होते. दिल्मेईने कसावाच्या पानांचा भारा आणला, कोयत्याने बारीक केला आणि त्याचे दोन वाटे केले. एक वाटा तिने घमेल्यात घालून डुकरांपुढे ओतला. दुसरा टोपलीत भरून ती होडीकडे निघाली.

"थांब," मी म्हटले. "दोन्हीकडे तीच पानं?"

"तीच. का गं आई?"

"जा, मामाला बोलाव. म्हणावं, आत्ता."

स्केबोंग तोंड न धुता आला. मी त्याला डुकरांच्या कुडाजवळ उभे केले.

"या डुकरांना खायला कोण घालतं?"

"दिल्मेई. नाहीतर तू."

"कार्यात डुक्कर कोणत्या बाजूला मांडतात?"

"आमच्या. पुरुषांच्या."

"डुक्कर ही अळकुडी आहे, असं आजवर कोणी म्हणालं का?"

तो डुकराकडे पाहत राहिला. डुक्करही त्याच्याकडे पाहत राहिले. "पण ताई, डुक्कर मी धरतो. मी मारतो. माझ्या खांद्यावर आणतो."

"मग हे मेआसही तू धर, तू मार, तुझ्या खांद्यावर आण. भरवणारा हात बाईचा आणि धरणारा हात मामाचा. डुकराला जी रीत, तीच माशाला."

"डुक्कर पळतं, ताई! ओरडतं, चावतं. हे बिचारे ताटलीत येऊन बसतील. लोक हसतील मला."

"हसू देत. हसण्याने कोणाची पदवी जात नाही. मी उचलली तर जाते."

त्याने हात जोडल्यासारखे केले. रीत मी मोडली नव्हती. ती कोठवर पोचते, एवढे मी दाखवून दिले होते. पण निकाल माझा असला, तरी तो गावाच्या गळी उतरेल की नाही, याविषयी माझ्या मनात शंका होती, आणि ती मी कोणाला दिसू दिली नाही.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी अर्ध्या गावाला धक्क्यावर काही ना काही काम निघाले. मला खुर्ची आणून दिली गेली. मेसुबेद एका खांबाला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. दिल्मेईने होडी पिंजऱ्याला लावली. पिंजरा धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिकडचे सारे इकडे ऐकू येत होते. तिने स्केबोंगपुढे हातजाळे धरले.

"राहू दे," तो धक्क्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "बशीतलं उचलायला जाळं कशाला?"

"मामा, जाळं घ्या."

"मला शिकवू नकोस. तुझे पाळलेले आहेत ना? हाक मार, येतील हातात."

आमच्याकडे चालायला लागलेल्या मुलालाही ठाऊक असते की मेआसच्या पाठीवर काटे असतात आणि काट्यांत विष असते. स्केबोंगने आयुष्यभर हजारो मेआस हाताळले, ते नेहमी डोक्यामागे नीट अंगठा देऊन. मोकळ्या समुद्रातल्या मेआसवर त्याने असा उघडा हात कधीही टाकला नसता. हे मासे नव्हेतच, अशी मात्र त्याची पक्की खात्री होती. त्याने बाही सारली, पाण्यात हात घातला आणि मूठ आवळली.

त्याची किंकाळी धक्क्यावर पोचली, कांदळवनातले बगळे उडाले आणि माझ्या भावाने, केलबाउच्या सरदाराने, होडीत बसकण मारून आमच्या दिवंगत आईला हाक मारली.

सर्वांआधी मेसुबेद हसला. इतके दिवस आवळून धरलेले ते तोंड एकदम सुटले आणि तो खांबाला धरून हसतच राहिला. "काय झालं हो सरदार? कोंबडीने चोच मारली?"

"गरम पाणी!" दिल्मेई ओरडली. "कोणीतरी गरम पाणी आणा!"

आणले ते मेसुबेदनेच. दुकानातली किटली उचलून तो पाण्यात उतरला, छातीभर पाण्यातून किटली डोक्यावर धरून पिंजऱ्यापर्यंत गेला आणि तिथल्या बादलीत पाणी ओतले. "घाला हात. अजून घाला. काही होत नाही, रडा खुशाल, मी नाही बघत."

स्केबोंगचे डोळे वाहत होते. हात बादलीत आणि मान माशांकडे. "हे मेआस आहेत," तो म्हणाला. मग मोठ्याने, धक्क्याकडे तोंड करून, "अरे, हे खरे मेआस आहेत!"

"मी कधी म्हटलं खोटे आहेत?" दिल्मेई म्हणाली.

ठणका ओसरायला वेळ लागला. कोणीही धक्क्यावरून हलले नाही. नंतर स्केबोंग उठला, त्याने मुकाट्याने हातजाळे मागून घेतले, आणि पिंजऱ्याचा तळ वर ओढायला दुसरा माणूस लागतो म्हणून मेसुबेदने पलीकडचे दोर धरले. जाळी वर आली तशी मासळी एका बाजूला गोळा होऊन उसळू लागली. पाण्याचे शिंतोडे तिघांच्या तोंडावर. स्केबोंग आता एकेक मासा असा धरत होता, जणू तो पहिल्यांदाच मासे धरायला शिकत होता. लहान होते ते दिल्मेईने परत सोडायला लावले, आणि त्याने वाद घातला नाही.

भिजलेला मेसुबेद धक्क्यावर आला, तो सरळ माझ्या खुर्चीपुढे येऊन उभा राहिला.

"मावशी, आईच्या वेळी हे पिंजरे नव्हते."

"नव्हते."

"असते तर?"

"असते तर त्यातली सगळी मासळी तुझ्या अंगणात पाठवली असती. खिंड तरीही दिली नसती."

त्याने माझ्याकडे पाहिले. मान न वळवता पाहिले. "बरं," तो म्हणाला, आणि किटली परत द्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी तुरांग पायऱ्यांवरून खाली आली, तेव्हा उन्हात तिचे हळदीचे अंग सोन्यासारखे दिसत होते. बाळ दिल्मेईच्या हातात. अळकुड्यांचे ढीग बायकांच्या बाजूला, आणि पुरुषांच्या बाजूला स्केबोंगने स्वतःच्या खांद्यावरून आणलेली मासळी, निखाऱ्यावर भाजलेली आणि नारळाच्या दुधात शिजवलेली. कियोको माझ्या शेजारी बसली होती, पाठ ताठ. तिने एका मेआसचे पोट बोटाने उघडले, चरबी पाहिली, एक घास घेतला आणि सावकाश चावला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "खिंड बंद आहे, असं ऐकलं होतं."

"बंद आहे."

"आणि ही मासळी?"

आजूबाजूची तोंडे चालायची थांबली. मेसुबेदही हातातला घास हातातच धरून बसला होता. आमच्या घराच्या वतीने यावेळी कोण काय बोलतो, हे मला ऐकायचे होते, म्हणून मी बोलले नाही.

"मामाने आणली," मेसुबेद म्हणाला. "मी होतो तिथे. दोर मीच धरले होते."

स्केबोंगने आपला उजवा हात वर केला. तो अजून पावासारखा सुजलेला होता.

कियोकोने तो हात जवळ ओढला, उलटा केला, बोटाच्या बेचक्यातल्या खुणा पाहिल्या. ती समुद्रकाठची बाई. तिला कोणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. "हे मेआसशिवाय दुसऱ्या कोणाचं काम नाही," ती म्हणाली आणि हसली. हसताना ती पुष्कळ बरी दिसते. मग तिने आपल्या घराण्याचा जुना, पैशाहून मोलाचा मणी तुरांगच्या गळ्यात बांधला. गाठ मारायला तिने घाई केली नाही, आणि तुरांगची मान वर होती.

जेवणे उरकत आली, तेव्हा ती माझ्याकडे सरकली. आवाज खाली. "आमच्या खिंडीत आता जाळ्याला शेवाळच लागतं. माझा भाऊ सरदार आहे, पण ऐकत नाही. म्हणतो, समुद्र कधी संपतो का. तुम्ही तुमच्याला कसं ऐकवता?"

"पदवी कोणी दिली, ते अधूनमधून आठवण करून द्यावं लागतं."

"ती दिली मी. पण आठवण दिली की तो उठून जातो."

"मग तो बसलेला असताना द्या. आणि पोट भरलेलं असताना."

तिने विचार केला. केळीचे पान मागून घेतले आणि आपल्या पानावरचा उरलेला मासा त्यात नीट बांधू लागली. "तुमच्या लेकीचे पिंजरे येताना दिसले. हा त्यातला आहे, हे भावाला आधी नाही सांगणार," ती म्हणाली. "खाऊन झालं की विचारीन, कसा होता. मग तुमच्या लेकीला बोलावीन."

"ती येईल. पण तुमच्या अळूच्या खाचरांत गाळ किती आहे, ते ती आधी बघेल. तिला आवडलं नाही तर परत येईल."

"आवडेल असं करून ठेवते."

एका माशाने सरदाराचे पोट भरत नाही. मी माझ्या वाट्याचे दोन मेआस उचलले आणि तिच्या पानात ठेवले.